थांबा हलवण्यात आला आहे

शाश्वत वाहतुकीच्या अभ्यासात उभी हयात घालवलेलं हे कुटुंब त्या रविवारी अण्णांकडे जेवायला जमलं, ते तीन मोटारींतून. थोरल्या मुलाची ऐसपैस गाडी फाटकाच्या तोंडाशी उभी होती. तिच्या मागे त्याच्या बायकोची, म्हणजे जाऊबाईंची, कारण त्या परस्पर एका व्याख्यानाहून आल्या होत्या. व्याख्यानाचा विषय होता, शहरातलं पार्किंग निम्म्यावर कसं आणावं. आणि या दोन्हींना आडवी धाकट्याची. ती विजेवर चालत असल्यामुळे कुठेही आडवी लावायचा आपल्याला नैतिक हक्क आहे, अशी त्याची समजूत होती. गल्लीत आता सायकलसुद्धा शिरली नसती. पण सायकलीवरून येणार कोण? सायकलींवर ज्याचे दोन ग्रंथ आहेत त्या थोरल्याची सायकल त्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेली असते, आणि तिच्याखाली उभं राहून तो मुलाखती देतो.

धाकटी सून गाडीतून उतरली ती पिशवी पोटाशी धरून. पिशवीत अहवाल होता आणि गेले आठ दिवस तिला त्याच्यापायी झोप नव्हती. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिचं काम म्हणजे कोणत्या विद्वानाचा हवाला कोणी आणि किती वेळा दिला हे मोजणं. सासरी तिला ‘मोजणीबाई’ म्हणत. आधी थट्टेने, मग कौतुकाने आणि अलीकडे जरा जपून. वाहतूक खात्याचे मुख्य अधिकारी, ज्यांना सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणत, ते जेवणानंतर हा अहवाल न्यायला येणार होते. अण्णांच्या संशोधनाचा जगावर किती प्रभाव पडला ते त्यात लिहायचं, खाली अण्णांनी सही करायची, की खात्यातर्फे अण्णांच्या नावाचं संशोधन केंद्र उभं राहणार होतं. त्याचा प्रमुख थोरला की धाकटा, हे ज्याचा आकडा मोठा त्याच्यावर ठरणार, असं दोन्ही भावांनी मनोमन ठरवून टाकलं होतं.

बाकीच्या घरांत भाऊ भांडले तर अबोला धरतात. या घरात ते एकमेकांना संदर्भसूचीतून काढतात. दोन वर्षांपूर्वी धाकट्याने एका पेपरात दादाचं नाव गाळून त्याला ‘आणि इतर’मध्ये ढकललं, तेव्हापासून थोरल्याने त्याच्या नावाचा उल्लेख कुठे केला नव्हता. जेवायला मात्र दोघं शेजारी बसत आणि एकमेकांना मीठ देत. त्यामुळे या घरात नवा पेपर आला की तो सगळे मागून उघडत. शेवटच्या पानावर आपलं नाव दिसलं की पुढचं वाचायची गरज उरत नसे.

स्वयंपाकघरात मोजणीबाईने काकडी चिरायला घेतली, तेवढ्यात जाऊबाईंनी तिच्या हातातली सुरी काढून घेतली. या स्वयंपाकघरातली सुरी त्यांनी शेवटची कधी धरली होती ते त्यांनाही आठवलं नसतं.

“तू बस गं. दमली असशील. आकडे आले का सगळे?”

“आले, वहिनी.”

“ह्यांचेही?”

“सगळ्यांचे.”

“नाही, मला काय, माझं आपलं पार्किंग. मी कोणाच्या अध्यात ना मध्यात.” जाऊबाईंनी काकडीचे जाडजूड तुकडे पाडले. “पण प्रमुख थोरलाच शोभतो असं आपलं मला वाटतं. उद्या तुझं काही अडलं तर मी आहेच की.”

त्यातला एक तुकडा तोंडात टाकून त्या बाहेर गेल्या, आणि आत्या आत आल्या. अण्णांची ही धाकटी बहीण. लग्न केलं नाही, अण्णांचं घर आणि अण्णांची मुलं हिनेच सांभाळली. पायांत बाहेर जायचे बूट होते, खांद्याला छोटी पर्स होती, आणि दोन्ही गुडघ्यांना पट्टे.

“अगं, एक विचारू?” आत्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. खिडकीतून गल्लीचं तोंड दिसे. पूर्वी तिथे बसचा थांबा होता. आता नुसता खांब उरला होता. “तो थांबा परत आणायचा तर कोणाला सांगावं लागतं?”

मोजणीबाईची नजर कोपऱ्यातल्या पिशवीकडे गेली.

“आज तिच्याकडे जायचंच म्हणतेय,” आत्या म्हणाल्या. ती म्हणजे त्यांची शाळेपासूनची मैत्रीण. शहराच्या दुसऱ्या टोकाला म्हाताऱ्या माणसांच्या निवासात राहत होती आणि हळूहळू सगळं विसरत चालली होती. “गेल्या खेपेला मला म्हणाली, आपण कोण? मग मी हसले, तेव्हा ओळखलंन. थांबा हलवल्यापासून जाणंच झालं नाही. आणखी उशीर केला तर मी हसले तरी ओळखायची नाही ती.”

“ही मुलं सोडतील ना तुम्हाला गाडीने?”

“सोडतात की. पण परत कोणी आणायचं यावर त्यांची समिती बसते. आणि तिथे टेकले नाही तोच फोन, झालं का, निघू या का. मैत्रिणीकडे आपलं आपण जायचं असतं गं. सामानासारखं पोचवून घ्यायचं नसतं.”

आत्यांचा राग कोणावरच नव्हता, आणि तेच मोजणीबाईला सोसवेना. थांबा कोणी हलवला आणि कशाच्या आधाराने, हे तिच्या पिशवीत होतं.

जेवायला सगळे बसले. अण्णा टोकाच्या खुर्चीत, ऐंशी उलटलेले, सावकाश चावणारे. पहिला घास घशाखाली उतरतो न उतरतो तोच थोरला म्हणाला, “हं, मोजणीबाई. उघडा मूठ.”

“झाकलेलीच बरी होती, दादा.”

“असं कसं? साहेब येतील इतक्यात.”

“अण्णांचा हवाला पुष्कळांनी दिलाय. मी धरलं होतं त्याच्या कितीतरी पट.” टेबलाभोवती सगळ्यांचे खांदे सैल झाले. जाऊबाईंनी अण्णांना स्वतःहून भाजी वाढली. “पण त्यांतल्या एकानेही अण्णांचा पेपर वाचलेला नाही.”

“हे तुला काय ठाऊक?” धाकट्याने बायकोला विचारलं.

“सगळे एकच वाक्य देतात. चांगला रस्ता असेल तर माणूस बससाठी एक किलोमीटर आनंदाने चालतो. पुढे अण्णांचं नाव आणि पानाचा क्रमांक. सगळ्यांचा क्रमांक एकच. त्या पानावर काय आहे ते मी उघडून बघितलं.”

“काय आहे?”

“आभार. अण्णांनी आत्यांचे आभार मानलेत, वेळोवेळी चहा दिल्याबद्दल.”

आत्या ताटातून मान वर करून अण्णांकडे बघून हसल्या. बाकी कोणी हसलं नाही.

“छपाईची चूक,” थोरला म्हणाला.

“एकाची चूक असती तर तसंच म्हटलं असतं. पण मूळ पेपर उघडला असता तर दुसऱ्याने ती सुधारली असती ना? कोणी उघडलाच नाही. मेंढरामागे मेंढरू. म्हणून पहिलं मेंढरू कोणतं ते शोधत मागे गेले.” तिने पाण्याचा घोट घेतला. “दादा, ते तुमच्या पहिल्या पेपरात आहे.”

“अरेरे,” धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात अभिनंदनाचा सूर होता.

थोरल्याने हातातला घास खाली ठेवला. “अण्णांचा पेपर काय मुद्दाम वाचायचा? अण्णा तर घरातच होते.”

ते मात्र खरं होतं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. इथे फुकट वाटलेलंही कोणी उचललं नव्हतं.

“आणि तू कशाला हसतोस?” मोजणीबाई नवऱ्याला म्हणाली. “तुझ्या विजेच्या बसगाड्यांचे पाचही पेपर याच वाक्यावर उभे आहेत.”

“मी ते दादाकडून घेतलं. मला वाटलं, दादाने वाचलं असेल.”

“वा रे वा,” थोरला म्हणाला. “मी ‘आणि इतर’, आणि वाक्य तेवढं माझं?”

“वाक्य अण्णांचं आहे.”

“अण्णांचंही नाही,” मोजणीबाई म्हणाली.

आता जाऊबाईंनी चमचा खाली ठेवला. “मग अण्णांनी म्हटलंय तरी काय?”

मोजणीबाईने पिशवीतून जुना, कडा पिवळ्या पडलेला पेपर काढला आणि खुणेचं पान उघडून वाचलं. “सावली आणि सपाट रस्ता असल्यास निरोगी तरुण एक किलोमीटर आनंदाने चालतात. परंतु वृद्ध, आजारी आणि कडेवर मूल असलेल्या स्त्रिया अर्ध्या वाटेवरून परत फिरतात व पुन्हा बसने जात नाहीत. यास्तव थांबे जवळ असावेत.”

तिने पान मिटलं. मग धीर करून तिने सासऱ्यांना विचारलं, “अण्णा, दादांचा तो पेपर आला तेव्हा तुमच्या लक्षात नाही आलं?”

अण्णांनी घास नीट चावून गिळला. “मी शेवटचं पान बघितलं, सूनबाई. माझं नाव होतं.”

एरवी या घरात एका गोष्टीवर दोघांचं एकमत व्हायचं नाही, पण संकटात माणसं जवळ येतात. भाऊ भावाकडे सरकला. जाऊबाईंनी खुर्ची दोघांच्या मधे ओढली. टेबलाच्या एका बाजूला तिघं झाले आणि दुसऱ्या बाजूला मोजणीबाई एकटी.

“आकडा खोटा आहे का?” थोरल्याने विचारलं.

“नाही.”

“मग झालं तर. अहवालात आकडा द्यायचा. तू इथवर कसा आलास, असं आकड्याला कोणी विचारत नाही.”

“खात्याने निम्मे थांबे काढले ते या वाक्यावर,” धाकटा समजुतीच्या आवाजात म्हणाला. “साहेब केंद्र देतायत ते त्याची परतफेड म्हणून. आता त्यांना सांगायचं का, की साहेब, ते उलट होतं? थांबे परत लावा म्हणून?”

“हो,” मोजणीबाई म्हणाली.

“अगं, व्यवहार म्हणून काही असतो. केंद्र आधी होऊ दे.”

“तेच म्हणते मी,” जाऊबाई म्हणाल्या. “केंद्र झालं की पहिला पेपर याच्यावर काढायचा. चूक आपल्या घरची, दुरुस्तीही आपल्याच घरची. सगळ्यांना आपला हवाला द्यावाच लागेल.”

ही गोष्ट थोरल्याच्या डोक्यात आली नव्हती. त्याचा चेहरा उजळला. “बरोबर. मूळ चूक माझी, म्हणजे पहिलं नाव माझं.”

“चुकीचं बक्षीस?” धाकटा म्हणाला. “शोधली माझ्या बायकोने. पहिलं नाव आमच्या बाजूला हवं.”

“कल्पना कोणाची पण?” जाऊबाई म्हणाल्या.

मोजणीबाई बघत राहिली. जग बुडालं तरी या माणसांनी होडीवर आधी नावांचा क्रम लिहिला असता. तिला हसू येत होतं, आणि आत्यांच्या बुटांकडे लक्ष गेलं की रडूही.

आत्यांनी ताट उचलून ठेवलं, हात धुतला आणि पर्स खांद्याला अडकवली. “मी निघते.”

“कुठे?” दोघं भाऊ एकदम म्हणाले. कळल्यावर दोघंही एकदम उठले. “मी सोडतो.”

“तुझी गाडी काढ मग,” थोरला म्हणाला.

“माझी निघेल, पण मग तुझी पुढे आहे म्हणून वळवता येणार नाही. वहिनी, तुमची मागे घ्या.”

“मागे याची आहे. आधी याने काढायची.”

“काढतो, पण आधी क्रमाचं ठरू दे.”

आत्या तोवर दाराबाहेर पडल्या होत्या. अण्णा उठले. कोपऱ्यातली काठी त्यांनी घेतली. “मीही येतो. बरीच वर्षं झाली चालून बघितल्याला.”

मोजणीबाई पिशवी उचलून त्यांच्या मागे गेली. मागून जाऊबाईंचा आवाज येत होता, की आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे लावायचं तर तिघांचं आडनाव एकच आहे.

गल्लीच्या तोंडाशी खांबाला पाटी होती. संशोधनाच्या आधारे हा थांबा हलवण्यात आला आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. अण्णांनी चष्मा वर करून ती दोनदा वाचली आणि ते चालू लागले. पुढे रस्ता चढाचा होता. पदपथावर गाड्या लावलेल्या, म्हणून तिघांनी खाली उतरून डांबरावरून चालायचं. मग लोखंडी सामानाचं बंद दुकान, मग खणून ठेवलेला खड्डा, मग पुन्हा पदपथ, आणि झाड औषधालाही नाही. आत्या पाय टाकण्यापूर्वी गुडघ्यावर हात ठेवत. अण्णांच्या काठीचा आवाज हळूहळू लांब अंतराने येऊ लागला. पाण्याच्या टाकीच्या कुंपणाची बुटकी भिंत आली, तिथे ते टेकले. आत्याही टेकल्या. नवा थांबा अजून दिसतसुद्धा नव्हता.

तेवढ्यात बस आली. अण्णांनी काठी उंचावली. चालकाने वेग कमी केला, खिडकीतून मान काढली. “इथे थांबा नाही, आजोबा. या पुढे चालत. चाललेलं चांगलं असतं.” बस निघून गेली.

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “सूनबाई, माझ्या नावापुढे काय आकडा लिहिलाय?”

तिने सांगितला. भलामोठा होता.

“आणि वाचलेले किती?”

“मी एकटी, अण्णा.”

“मग एक लिहा.”

“दोन,” आत्या म्हणाल्या. “छापून आला तेव्हा मी वाचला होता. चहाचे आभार मानलेस म्हणून कौतुकाने आईलाही वाचून दाखवला. तिला विचारलं, कसा आहे? तर म्हणाली, पाय दुखतात एवढंच सांगायला इतकी पानं?”

अण्णा हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही. “ती आई होती,” ते सुनेला म्हणाले. “अर्ध्या वाटेवरून परत फिरलेली वृद्ध स्त्री. मी मागून मोजपट्टी घेऊन चाललो होतो. ती थांबली आणि म्हणाली, पुरे, मला घरी ने. मी वहीत लिहून घेतलं आणि मग तिला नेलं. आधी लिहून घेतलं.” त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. “तिलाही धरून तीन लिहा. आणि ते वाक्य जसं आहे तसं पुरतं लिहा.”

“अण्णा, केंद्र मिळणार नाही मग.”

“माझ्या नावाचं काय करायचंय, सूनबाई? थांबे लावा म्हणावं.”

तिने पेन काढलं. मोठ्या आकड्यावर काट मारून तिने तीन लिहिलं, खाली ते वाक्य शेवटपर्यंत उतरवलं, आणि अण्णांनी तिच्या पिशवीवर कागद ठेवून सही केली.

पुढच्या बाजूने एक गृहस्थ येताना दिसले. कोट हातावर, सदरा पाठीला चिकटलेला, तोंड लालबुंद. ते भिंतीपर्यंत कसेबसे आले आणि कोण बसलंय हे न बघताच धपकन टेकले. ते साहेब होते.

“तुमच्या गल्लीत तीन गाड्या अडकल्यात,” ओळख पटल्यावर ते धापा टाकत म्हणाले. “तिघं जण उतरून भांडतायत, कोणाचं नाव पहिलं म्हणून. मला वाटलं अपघात झालाय. शेवटी नव्या थांब्यापाशी जागा मिळाली. अजून किती लांब आहे हो घर?”

“जेवढं आलात तेवढंच,” अण्णा म्हणाले. “बसा. तेच लिहिलंय यात. आत्तापर्यंत तिघांनी वाचलंय, चौथे तुम्ही.”

साहेबांनी अहवाल आणि पेपर हातात घेतले, खिसे चाचपले. “चष्मा गाडीत राहिला.”

“मग ऐका,” आत्या म्हणाल्या आणि त्यांच्या हातातून पेपर काढून घेऊन पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. शाळेत धडा वाचावा तसा त्यांचा आवाज स्वच्छ होता. साहेब आधी घड्याळाकडे बघत होते, मग आपल्या बुटांकडे बघू लागले. ‘यास्तव थांबे जवळ असावेत’ हे आलं, तेव्हा त्यांनी कपाळ पुसलं. वळणावर दुसरी बस दिसली. साहेबांनी एकदा लांबवर आपल्या गाडीच्या दिशेने नजर टाकली, एकदा चढाकडे, आणि बसल्या जागेवरून हात वर केला.

बस कचकन थांबली. “साहेब,” चालक ओशाळून म्हणाला, “इथे थांबा नाही.”

“माहीत आहे. मीच काढलाय.”

पायरी उंच होती. आत्यांनी दांडी धरली, मोजणीबाईने खालून आधार दिला, आणि आत्या चढल्या. त्यांच्यामागून साहेब, अहवाल काखेत मारून. खिडकीशी बसून आत्यांनी हात केला आणि हसून दाखवलं. ते हसू नीट जमतंय ना, हे बघत असाव्यात.

“चला, अण्णा,” मोजणीबाई म्हणाली. “आपण घरी जाऊ.”

“थांबा जरा. आई इथूनच परत फिरली होती,” अण्णा म्हणाले, आणि बस दिसेनाशी होईपर्यंत ते उठले नाहीत.